युद्धपाटीवरच्या आकड्यांना नावे कशी मिळवावीत

पुणे जिल्ह्यातल्या जुन्या गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत कधीकधी एक लहान पांढरी पाटी दिसते. मजकूर इंग्रजीत असो की मराठीत, सांगणे एकच: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे असतात, नाव एकाचेही नसते. आज गावात विचारले तर कोणी ती पाटी १८५७ची सांगतो, कोणी थेट पानिपतावर नेऊन ठेवतो. विसरले म्हणून गावाला बोल लावण्यात अर्थ नाही. आकड्याचे वर्षश्राद्ध कोणी घालत नाही.

नावे मात्र बहुतेक वेळा मिळू शकतात. त्यासाठी कामाचा क्रम पाळावा लागतो. पाटीचा फोटो काढून घरी यायचे आणि आडनाव संगणकावर टाकायचे, असे केले की शेकडो जाधव समोर येतात, आणि काम तिथेच थांबते. आधी पाटी, मग गावातले कागद आणि बिल्ले, मग नोंदवही, मग पलटण, असे गेले तर वेळ वाचतो.

पाटी वाचणे

जाताना सोबत पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश, टॉर्च आणि मोजपट्टी घ्या. ऊन तिरपे असेल तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, जा. भिंत सावलीत असेल तर टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून कडेने प्रकाश टाका. समोरून फ्लॅश मारला की कोरीव अक्षर सपाट दिसते, कडेच्या प्रकाशात खोलगट भागात सावली पडते आणि झिजलेला आकडाही उठून येतो. प्रकाश डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून टाकून चार फोटो घ्या. ३ आणि ८, १ आणि ७ यांचा घोळ इथेच सुटतो. मोजपट्टी ठेवून एक फोटो आणि सगळी भिंत दिसेल असा लांबून एक फोटो घ्यायला विसरू नका, कारण पुढच्या दुरुस्तीत भिंतच पाडली जाण्याची शक्यता असते.

स्वच्छता फक्त पाण्याने करा. चिंच, लिंबू, फरशी धुण्याचे ॲसिड यांनी संगमरवराचा वरचा थर विरघळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. तारेचा ब्रशही नको. अक्षरे दिसावीत म्हणून पीठ किंवा खडू चोळण्याची सवय आहे, पण पीठ छिद्रांत बसून पुढच्या पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ऑइलपेंट. ग्रामपंचायतीची रंगरंगोटी निघाली की पाटीवरही एक हात फिरतो, आणि मग आकड्यांना पेंटर त्याला वाटेल तसा आकार देतो. रंगवलेल्या पाटीवरचा आकडा खाली कोरलेल्या खाचेशी बोटाने ताडून पाहिल्याशिवाय लिहून घेऊ नये.

गाव हलले असेल तर पाटीचा शोध वेगळ्या तऱ्हेने घ्यावा लागतो. मुळशी, भाटघर, पानशेत, पवना या धरणांखाली बरीच जुनी गावठाणे गेली. पाटी नव्या गावठाणात आणली असेल, पाण्याखाली असेल किंवा शेजारच्या गावच्या शाळेत टेकवून ठेवलेली असेल. पाणी उतरते तेव्हा, एप्रिल-मेमध्ये, चौकशी करावी.

गावात काय मागावे

‘युद्धात कोण गेले होते’ असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ‘घरात राजाचे तोंड असलेला जुना बिल्ला आहे का’ असे विचारा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते, आणि पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली तीच. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ही अक्षरे पाठीमागे असतात. ब्रिटिश वॉर मेडल सहसा चांदीचे असते. ते कांस्याचे निघाले तर माणूस बहुधा लेबर कोअरमध्ये किंवा बिनलढाऊ कामावर होता असे धरून शोध वळवावा. पदकाला ब्रासो लावून चकचकीत करू नका, दर घासणीला कडेवरची अक्षरे पातळ होतात.

मेलेल्या सैनिकाच्या वारसाला कांस्याची एक जड चकतीही मिळत असे: १२० मिलिमीटर व्यास, त्रिशूळ धरलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, पायाशी सिंह आणि चौकटीत नुसते नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, कारण मरणात सगळे सारखे असा त्यामागचा विचार होता. चकती असेल तर माणूस युद्धात किंवा युद्धसेवेमुळे गेला हे पक्के होते. मात्र तिच्यावरून पलटण कळत नाही, त्यासाठी पदकच हवे.

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले ‘कोतवाल बुक’, मागा. हा जन्म-मृत्यूचा नमुना आहे. इराकमधल्या बसऱ्याला मेलेल्या माणसाच्या मृत्यूची नोंद त्यात बहुधा नसते, पण जन्माची असू शकते, आणि तिथून बापाचे नाव मिळते. बापाचे नाव का हवे ते पुढे कळेल. या वह्या मोडीत आहेत. वाचणारा हवा असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या मोडी वर्गांतून तयार झालेली मंडळी भेटतात. जातीच्या दाखल्यांसाठी याच वह्यांना सध्या फार मागणी आहे, त्यामुळे अर्जात गाव, साल आणि नमुना क्रमांक नेमका लिहा. मोघम अर्ज परत येतो.

शोध एकाच भावकीपुरता ठेवू नका. गावच्या आठवणीत पाटील-देशमुखांच्या घरचे सैनिक टिकतात. महारवाड्यातून, रामोशीवाड्यातून, मुसलमान मोहल्ल्यातून गेलेले गळतात. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडली. महार रेजिमेंट त्यानंतर थेट १९४१मध्ये बेळगावला उभी राहिली. मधल्या काळात पलटणच उरली नाही, म्हणून तिच्या सैनिकांची आठवण सांगणारी संस्थाही उरली नाही.

नोंदवही

मुख्य साधन म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची संकेतस्थळावरची मोफत यादी. पुढे तिला आयोगाची यादी म्हणू. आयोग १९१७ साली स्थापन झाला. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत सेवेत असताना मेलेल्यांची नोंद तो ठेवतो. मृत्यू गोळीने, तापाने की १९१८च्या इन्फ्लुएंझाने झाला याने फरक पडत नाही. पाटीवरचे साल १९१९ला थांबते, यादी १९२१पर्यंत जाते. पाटीवर तीन आणि यादीत चार निघाले तर दचकू नका.

शोधताना आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. प्रगत शोधात जाऊन सैन्य म्हणून भारतीय सेना निवडा, युद्ध निवडा, आणि ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’ या रकान्यात गावाचे नाव टाका. नोंदीच्या शेवटी बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका आणि ‘पूना’ असा पत्ता असतो, तो याच रकान्यातून सापडतो. गावाने काही आले नाही तर तालुका टाका, तेही नाही तर नुसते ‘पूना’ टाकून सगळी यादी उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये नजरेखालून घाला. कंटाळवाणे आहे खरे, पण चुकीच्या स्पेलिंगात अडकलेले गाव डोळ्यांनाच दिसते, यंत्राला नाही.

स्पेलिंग तेव्हाचे टाकायचे, आजचे नव्हे. पुणे म्हणजे पूना, खडकी म्हणजे किर्की, दौंड म्हणजे धोंड. शिरूर लिहिताना एस-एच ऐवजी नुसता एस. मावळ आणि वडगावात व्ही आणि डब्ल्यू दोन्ही टाकून पाहा. ळ या अक्षराचे एल होते, कधी आर होते. बारामती तालुका तेव्हा भीमथडी या नावाने होता, हे माहीत नसल्याने बारामतीकरांचे शोध रिकामे जातात. भोर तर पुणे जिल्ह्यातच नव्हते, ते पंत सचिवांचे संस्थान होते, म्हणून तिथल्या गावांपुढे पूना असेलच असे नाही. बुद्रुक, खुर्द हे शब्द गाळलेले असू शकतात. वडगाव, पिंपरी, निमगाव अशी नावे तर तालुक्यातालुक्यांत आहेत, तालुका जुळल्याशिवाय हर्ष मानू नये.

माणसांच्या नावांचा घोळ याहून मोठा. कारकून ऐकेल तसे लिहीत असे. शिंदे, पवार, चव्हाण, भोसले यांची प्रत्येकी चार-पाच रूपे सापडतात. त्याहून वाईट म्हणजे आडनावाच्या जागी कधी नुसते पाळण्यातले नाव असते, कधी बापाचे. समजा गावात सखाराम गणू मोरे असा माणूस होता. यादीत तो ‘मोरे’ खाली असेल, ‘सखाराम’ खाली असेल किंवा ‘गणू’ खालीही असेल. कोतवाल बुकातले बापाचे नाव इथे कामाला येते. नियम असा ठेवा: नाव सोडून किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. गाव आणि बाप, किंवा सैनिकाचा क्रमांक आणि पलटण. नुसते नाव आणि जिल्हा जुळले म्हणून माणूस आपला ठरत नाही. हौसेच्या शोधांत नेमकी हीच चूक होते, आणि एकदा फ्लेक्सवर फोटोसकट छापली की ती मागे घेणे अवघड.

बहुतेक नोंदींच्या तळाशी मूळ छापील पानांचे स्कॅन जोडलेले असतात. ते उघडाच. टंकलेखनातली चूक तिथे उघडी पडते.

पंजाबच्या सैनिकांची गाववार नोंदवही लाहोरच्या संग्रहालयात मिळाली आणि २०२१पासून ती टप्प्याटप्प्याने लोकांसमोर येते आहे. समाजमाध्यमांवर तिचा दुवा ‘भारतीय सैनिकांची यादी’ म्हणून फिरतो. आपल्याकडच्या गावांचा तिच्यात उपयोग नाही.

पलटण

यादीतली पलटण आणि घरात सांगितली जाणारी पलटण जुळत नाही, असे वारंवार होते. कारण १९२२ची फेररचना. पहिल्या महायुद्धातल्या १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी त्या वर्षी ५ मराठा लाइट इन्फंट्री या एकाच रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या, आणि ११४ ही प्रशिक्षणाची दहावी बटालियन. म्हणजे घरचे ‘तिसरी मराठा’ म्हणत असतील तर १९१६ची नोंद ११० खाली शोधायची. दुसऱ्या बटालियनला ‘काली पांचवी’ म्हणतात. आजोबा काली पांचवीत होते असे कोणी सांगितले तर ती इयत्ता समजू नये.

क्रमांक कळला की लढाई कळते. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन नोव्हेंबर १९१४मध्ये इराकच्या किनाऱ्यावर फाओला उतरली, बगदादच्या वाटेवरून मागे हटली आणि डिसेंबर १९१५पासून कुत अल अमारात वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती दिली. पकडलेल्या साध्या सैनिकांपैकी अनेकांना रास अल ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपले आणि त्यांतले बरेच तिकडेच मेले. अशा कैद्याच्या मृत्यूची तारीख अंदाजाने धरलेली असू शकते. या तीन पलटणींपैकी एक, आणि तारीख एप्रिल १९१६ नंतरची, असे असेल तर तिथी काढून पुण्यतिथी ठरवण्याची घाई नको.

खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी इंजिनियरांच्या दलाच्या नोंदी फ्रान्सकडे नेतात. त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात होत्या आणि त्यांची मोठी हानी झाली. ही किंवा आसपासची तारीख दिसली तर लढाई ओळखलीच म्हणून समजा.

पलटणीची युद्धदैनंदिनी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहे. ती वाचावी, पण अपेक्षा बेताची ठेवावी. तिच्यात अधिकाऱ्यांची नावे असतात, शिपायांचे बहुधा आकडेच. तरी त्या दिवशी पलटण कुठल्या खंदकात होती, पाऊस होता की ऊन, हल्ला पहाटे झाला की दुपारी, हे तिथेच कळते.

नाव कोरले आहे कुठे

पुण्यातले लोक पणजोबांचे नाव शोधायला मुळा रोडवरच्या खडकी युद्धस्मशानभूमीत जातात आणि निराश होऊन परततात. ती जागा पाहावीच, राखलेली उत्तम आहे, पण तिथे काय आहे ते आधी जाणून घ्या. तिथल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या राष्ट्रकुल सैन्याच्या, पश्चिम आणि मध्य भारतातून एकत्र आणलेल्या. आवारातल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर १,८०० हून अधिक नावे आहेत, ती भारतात मेलेल्या आणि जुन्या नागरी व छावणी दफनभूमींत पुरलेल्या सैनिकांची. त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे आणले. परदेशी मेलेल्या हिंदू सैनिकाचे दहन झाले किंवा देह सापडलाच नाही. त्याची कबर इथे असण्याचे कारणच नाही.

त्याचे नाव आयोगाच्या नोंदीत लिहिलेल्या स्मारकावर असते. फ्रान्समध्ये मेला तर न्यूव्ह शापेल, तिथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. इजिप्त-पॅलेस्टाइनच्या बाजूला मेला तर पोर्ट तौफिक. ते मूळ स्मारक इस्रायल-इजिप्त लढायांत मोडले, आता त्याच्या जागी कैरोतल्या हेलिओपोलिसला नवे आहे. वायव्य सरहद्दीवर किंवा १९१९च्या अफगाण युद्धात मेला तर दिल्लीचे इंडिया गेट. तिथल्या भिंतीवर १३ हजारांवर नावे आहेत, आणि पुण्याहून जाऊन हात लावता येईल असे हे एकच मोठे स्मारक.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्यांचे स्मारक बसऱ्याला, आणि आपल्या भागातल्या पुष्कळ नोंदी तिथेच जातात. नोंदीत ‘पॅनल ४३ आणि ६५’ असे दिसले की नाव दगडावर आहे असा समज होतो. तो खरा नाही. बसऱ्याच्या भिंतीवर ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली. भारतीय शिपाई-हवालदारांचे पलटणीखाली आकडेच लिहिले आणि नावे कागदी नोंदवहीत ठेवली. म्हणजे गावच्या चावडीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच. हे स्मारक १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले. तिथे जाण्याचा बेत न केलेला बरा.

दुसरे महायुद्ध आणि त्यानंतर

इथे काम सोपे. दुसऱ्या महायुद्धाची पदकेही भारतीय सैनिकांना नाव ठोकूनच दिली गेली. पलटणीवरून स्मारक साधारण ओळखू येते: इटलीत कसिनो, एरिट्रियात केरेन, ब्रह्मदेशात रंगून, मणिपूरकडे इंफाळ. नोंद कशी वाचायची हे शिकायला नाईक यशवंत घाडगे यांची नोंद उघडून पाहा. ते ५ मराठाच्या तिसऱ्या बटालियनचे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नाव कसिनोला आहे.

१९४७ नंतरच्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. पुण्याचे स्वतःचे युद्धस्मारक घोरपडीला आहे, १९९८ साली लोकवर्गणीतून उभे राहिलेले. कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घाला: मराठ्यांचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे इथेच खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. पत्रात सैनिकाचा क्रमांक नसेल तर उत्तराची वाट पाहू नये. पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तो असतो. वारसाच्या सहीने पत्र गेले तर माहिती मिळण्याची शक्यता वाढते.

यादीत नावच नसेल तर

आयोगाने २०२१च्या आपल्याच अहवालात कबूल केले की निदान १,१६,००० जणांची, कदाचित ३,५०,००० पर्यंत लोकांची, नावानिशी नोंद झालीच नाही. यांत मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले, आणि बिनलढाऊ कामावरचे लोक पुष्कळ. गावातून भिस्ती, खेचरवाला, हमाल म्हणून गेलेला माणूस यादीत नसण्यामागे हे कारण असू शकते. आयोग नवी नावे स्वीकारतो, मात्र पुरावा लागतो: सैन्याच्या सेवेत होता याचा, मृत्यूच्या तारखेचा, आणि नोकरीतून सुटल्यावर मेला असेल तर मृत्यू सेवेमुळेच झाला याचा. चकतीचा आणि पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो, घरातली पत्रे, मोडी नोंदीची नक्कल व लिप्यंतर, असे एकत्र पाठवा. तोंडी आठवण एकटी चालत नाही, कागदाला जोड म्हणून चालते. नदीकाठच्या पेठांतल्या अनेक घरांचे कागद १२ जुलै १९६१च्या पुरात गेले. अशा वेळी दुसऱ्या चुलत शाखेकडे, सासुरवाडीकडे, गावच्या वाड्यात चौकशी करावी.

नावे पक्की झाली की फलक लावायचा मोह होतोच. ग्रामसभेचा ठराव आधी घ्या. नवा फलक जुन्या पाटीशेजारी वेगळ्या चौकटीत लावा, जुन्या पाटीला भोके पाडू नका आणि तिच्यावर काच बसवू नका, आत दमट हवा कोंडते. प्रत्येक नावापुढे हुद्दा, क्रमांक, मृत्यूच्या वेळची पलटण, तारीख आणि परदेशातल्या स्मारकाचे नाव, एवढेच. वारसाचे, देणगीदाराचे आणि उद्घाटकाचे नाव त्याच दगडावर घालू नका. एकाच सैनिकावर दोन भावक्या हक्क सांगतात, आणि वारसाचे नाव कोरले की फलक उभा राहण्याआधीच भांडण उभे राहते. न सापडलेल्यांची संख्या खाली स्पष्ट लिहा, म्हणजे पाटीवरच्या आकड्याशी मेळ बसतो, आणि तेवढ्या ओळी कोऱ्या सोडा. सगळ्या कागदांची एक बांधीव प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत द्या. पेनड्राइव्ह देऊ नका, पुढच्या निवडणुकीनंतर तो सापडत नाही.